शायानचे जुने राज्यपाल निवासस्थान : नेली रॉस यांच्यासाठी पाहावे असे घर

अमेरिकेतील वायोमिंग राज्याची राजधानी असलेल्या शायान शहरात ईस्ट एकविसाव्या रस्त्यावर राज्यपालांचे जुने निवासस्थान आहे. १९०५ पासून १९७६ पर्यंत राज्याचे राज्यपाल येथे सहकुटुंब राहत असत. आता राज्य सरकारने ते संग्रहालय म्हणून जतन केले आहे. प्रवेशाला शुल्क नाही आणि सोबत मार्गदर्शक न घेता, आपल्या सवडीने खोल्या पाहता येतात. डेन्व्हरहून यलोस्टोनकडे गाडीने निघालेली मराठी कुटुंबे शायानला फार तर पेट्रोल भरण्यापुरती थांबतात. त्यांनी येथे तासभर अवश्य काढावा, असे मला वाटते, आणि त्याचे मुख्य कारण या घरात राहून गेलेली एक बालवाडीची शिक्षिका आहे.

नेली टेलो यांचा जन्म १८७६ मध्ये मिसुरी राज्यात झाला. ओमाहा येथे त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या, शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केले आणि काही वर्षे बालवाडीत शिकवले. १९०२ मध्ये विल्यम ब्रॅडफर्ड रॉस या वकिलाशी विवाह झाल्यावर त्या शायानला आल्या. संसार, मुले आणि महिला मंडळातील वावर यांत वीस वर्षे गेली. १९२२ च्या निवडणुकीत विल्यम रॉस राज्यपालपदी निवडून आले आणि हे कुटुंब या घरात राहायला आले. (तेथील राज्यपाल आपल्याकडच्यासारखा केंद्राने नेमलेला नसतो, लोकांनी निवडून दिलेला तो राज्याचा प्रत्यक्ष कारभारी असतो.) २ ऑक्टोबर १९२४ रोजी, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडून, विल्यम यांचे निधन झाले.

उरलेल्या मुदतीसाठी महिनाभरातच निवडणूक होणार होती. डेमोक्रॅटिक पक्षाने नेली यांना उमेदवारी दिली. दुखवट्यात असल्याने त्यांनी प्रचाराला बाहेर पडण्यास नकार दिला. मतदारांना उद्देशून दोन खुली पत्रे लिहिली, एवढाच त्यांचा प्रचार. तरीही त्या मोठ्या फरकाने निवडून आल्या आणि ५ जानेवारी १९२५ रोजी शपथ घेऊन अमेरिकेतील पहिल्या महिला राज्यपाल ठरल्या. टेक्सासच्या मिरियम फर्ग्युसन त्याच दिवशी निवडून आल्या होत्या, पण त्यांचा शपथविधी दोन आठवड्यांनी झाला. ज्या प्रदेशाने १८६९ मध्येच स्त्रियांना मताधिकार दिला होता, तेथेही हे घडायला ५५ वर्षे लागावीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ही हकिकत मनात ठेवून घर पाहावे. दर्शनी भागातले उंच कोरीव खांब पाहून दबदबा वाटतो खरा, पण वास्तू साध्या निवासी वस्तीत, शेजाऱ्यांच्या घरांच्या रांगेतच उभी आहे. आत मधल्या प्रशस्त दालनातून वर जाणारा जिना आहे. कालपर्यंत राज्यपालांची पत्नी म्हणून पाहुण्यांचे आगतस्वागत करणारी बाई याच घरातून राज्यपाल म्हणून कचेरीला जाऊ लागली. पतीची धोरणे पुढे नेताना त्यांनी करकपात, बँकव्यवहारांत सुधारणा, खाणकामगारांची सुरक्षितता आणि बालमजुरीला आळा यांसाठी आग्रह धरला. विधिमंडळात बहुमत विरोधकांचे होते, त्यामुळे सारेच साधले नाही. १९२६ ची निवडणूक त्या थोडक्यात हरल्या.

सात दशकांत अनेक कुटुंबे राहून गेल्यामुळे खोल्या एका काळाच्या नाहीत. एका बैठकीच्या खोलीत कातडे आणि लाकूड वापरून केलेले, गुराख्यांच्या मुलखाला शोभणारे फर्निचर आहे. तळघरात शीतयुद्धाच्या काळातला अणुहल्ल्यापासून बचावाचा निवारा आहे. मुलांना हा निवाराच सर्वांत आवडेल, यात शंका नाही. नेली रॉस यांचा काळ मात्र या सजावटीत शोधावा लागतो. त्यांची हकिकत थोडी वाचून आल्यास घर बोलके वाटते, नाहीतर जुने सामान पाहिल्याचेच समाधान मिळते.

त्यांची पुढची वीस वर्षे या घराच्या आवाक्याबाहेरची आहेत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये त्यांना अमेरिकेच्या टांकसाळींच्या संचालकपदी नेमले. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या आणि १९५३ पर्यंत त्या तेथे राहिल्या. युद्धामुळे तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ मध्ये, जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी सेंटची नाणी निघाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. फोर्ट नॉक्स येथील सुवर्णकोठाराच्या कोनशिलेवरही त्यांचे नाव आहे. १९७७ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

भेटीचे दिवस आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. राज्याचे विधानभवन येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि दोन्ही वास्तू एकाच सकाळी पाहणे सोयीचे पडते. शायानचा वारा प्रसिद्ध आहे, तेव्हा उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला एखादे जाकीट सोबत असू द्यावे.