ट्रिम कॅसल: नुसते दगड बघून परत येऊ नका

आयर्लंडमधल्या या किल्ल्याला पाचपैकी पाच, आणि आम्हाला डब्लिनहून घेऊन गेलेल्या टूर कंपनीला कसेबसे दोन. बसमधल्या गाइडने सगळा वेळ एकच लावून धरलं, की इथे हॉलिवूडच्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं. आणि ज्याने हा किल्ला उभारायला घेतला त्या ह्यू डी लेसीची बोळवण 'एक नॉर्मन लॉर्ड' एवढ्यावर! अहो, त्या घराण्याच्या सोयरिकींवर अख्खी सिरियल निघेल.

थोडक्यात सांगते, जायच्या आधी एवढं माहीत असलं की किल्ला वेगळाच दिसतो. ११७२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ह्यूला अख्खं मीथ, म्हणजे ट्रिमच्या भोवतालचा मुलूख, देऊन टाकलं, बदल्यात पन्नास नाइट्सची (घोडेस्वार योद्ध्यांची) चाकरी. राजाला खरं तर स्ट्राँगबो, म्हणजे आयर्लंडमध्ये आधीच जम बसवलेला दुसरा नॉर्मन सरदार, डोईजड व्हायला नको होता, म्हणून त्याच्यासमोर हा उभा केला. ह्यूने बॉइन नदीच्या काठावर आधी लाकडी गढी बांधली, ती आयर्लंडचा राजा रोरी ओ'कॉनर याच्या स्वारीत गेली, मग दगडाचं काम सुरू झालं. आणि पुढे याच रोरीच्या मुलीशी, रोझशी, ह्यूने लग्न केलं! पहिली बायको रोहीज गेल्यावर, ११८० च्या सुमारास, आणि तेही राजाला न विचारता. हेन्रीच्या डोक्यात लगेच किडा वळवळला की हा आता आयर्लंडचा राजा व्हायला बघतोय. डब्लिनचा कारभार काढून घेतला, मग परत दिला पण नजर ठेवायला एक पाद्री सोबत पाठवला. ११८६ मध्ये डरो या गावी नवीन किल्ल्याचं काम बघत असताना एका आयरिश तरुणाने लपवून आणलेल्या कुऱ्हाडीने ह्यूचं मुंडकं उडवलं, तर बातमी ऐकून राजा खूश झाला असं त्या काळच्या एका इतिहासकाराने लिहून ठेवलंय.

मेल्यावरही सुटका नाही. ११९५ मध्ये धड बेक्टिव्हच्या मठात आणि डोकं डब्लिनच्या सेंट थॉमस मठात पुरलं, आणि दोन्ही मठ त्याच्यावरून भांडत बसले, ते १२०५ मध्ये डब्लिनवाल्यांच्या बाजूने मिटलं.

आता किल्ल्याचं. तिकीट काढताना बालेकिल्ल्याची गाइडेड टूर घ्याच, कारण आत एकट्याने सोडत नाहीत, आणि नुसतं आवारात फिरून आलात तर भिंती बघून याल, बस्स. आतली गाइड मुलगी एकदम भारी होती, तारखांचा पाढा न म्हणता माणसांबद्दल बोलत होती. बालेकिल्ला वीस बाजूंचा आहे, म्हणजे मधे चौकोन आणि चारी बाजूंना एकेक बुरूज, त्यातले तीनच उरलेत. बाहेरच्या भिंतीत ओळीने छोटी चौकोनी भोकं दिसतात, ती परांचीच्या वाशांची, आणि आत राहिलेल्या लाकडांवरून बांधकामाचा काळ काढलाय. मी तर ती भोकंच बघत बसले. काम बापाच्या हयातीत संपलंच नाही, ते १२०६ च्या सुमारास थोरला मुलगा वॉल्टर याच्या वेळी पूर्ण झालं. त्यालाही सुख नव्हतं म्हणा, १२१० मध्ये किंग जॉन स्वतः फौज घेऊन आला आणि मीथ जप्त, ते परत मिळालं १२१५ मध्ये. वॉल्टरचा धाकटा भाऊ ह्यू अल्स्टरचा अर्ल होता, त्यालाही तेव्हाच हाकललं.

मला सगळ्यात जास्त लागली ती शेवटची गोष्ट. वॉल्टरनंतर ट्रिम नात मॉडकडे आलं, तिच्यामागून तिच्या नातीकडे, जोनकडे. जोनचं १३०१ मध्ये रॉजर मॉर्टिमर या इंग्लिश सरदाराशी लग्न झालं आणि इस्टेटीची वाटणी होऊ नये म्हणून तिच्या दोन बहिणींना जोगिणी करून टाकलं, आणि तो मठ कुठला, तर वॉल्टरच्या बायकोने स्थापन केलेला! मॉडचा नवरा जेफ्री मात्र म्हातारपणी, १३०८ मध्ये, सगळं सोडून ट्रिममध्येच साधू झाला, पण ते स्वतःच्या मर्जीने.

गैरसोयी: जिने अरुंद आणि गोल, गुडघ्याचा त्रास असेल किंवा कडेवर बाळ असेल तर वरचा नाद सोडा. छतावर वारा असा की टोपी हातात धरायची. पाऊस असेल तर पायऱ्या निसरड्या होतात, चांगली ग्रिप असलेले शूज घाला.

आणि टूर बस नकोच. तिने आम्हाला नदीपलीकडचा यलो स्टीपल (जुन्या मठाचा उरलेला मनोरा) नुसता लांबून दाखवला, बेक्टिव्हचं तर नावही काढलं नाही. डब्लिनहून ट्रिमला साधी बस जाते, तिने सकाळी निघा. गाडी असेल तर बेक्टिव्ह सात-आठ किलोमीटरवर आहे, तेही त्याच दिवशी उरका.