२ स्टार, त्यातला एक उपमा देणाऱ्या पोराला

विमान कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाही, पण झालं ते सांगतो. आर्वीजवळचं गाव आमचं, कोचीला जायचं होतं, नागपूर-मुंबई-कोची. मी, बायको न माय असे तिघं एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर. साळा मागून तयार झाला तर तालुक्याच्या एजंटनं त्याले दोन वेगवेगळी तिकिटं काढून दिली, नागपूर-मुंबई वेगळं अन मुंबई-कोची वेगळं, का तर अकराशे रुपये वाचतात. विमानं तीच, दोन्ही तीच.

पहाटे निघालो, कोंढाळीला चहाले थांबलो तर माझ्या मोबाइलवर मेसेज, ११:२० चं विमान २:४० ला. साळ्याले मेसेजच नाही. नंतर कळलं एजंटनं त्याच्या तिकिटावर स्वतःचाच नंबर टाकलाय! अन नियम असा आहे की संपर्काचा नंबर नीट दिला नसेल तर विमान रद्द झाल्यावरची भरपाईसुद्धा मागता येत नाही. म्हणजे मेसेज एजंटच्या दुकानात वाजत होता अन हा कोंढाळीत भजे खात होता.

सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर पोचलो. अडीच तासापर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासाच्या वर लेट झालं तर खायला-प्यायला कंपनीनं द्यायचं, विमानांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम. दिलं का? मागितल्यावर. तेही तीनदा. एक पोरगा गरम पाणी ओतून कपातला उपमा घेऊन आला, वर कागदी झाकण, आत लाकडी चमचा, मायनं एक घास घेतला न म्हणे "हे काय बाप्पा, भिजवलेला रवा". पण पोरगा बिचारा तिच्यासाठी दुसऱ्यांदा पाणी घेऊन आला, त्याचा एक स्टार वेगळा.

मुंबईत सव्वाचारला उतरलो, कोचीचं साडेतीनला उडून गेलेलं. इथं खरी गंमत. आमचं तिघांचं तिकीट एकच, म्हणून काउंटरवालीनं मुकाट्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे ५:५० चं विमान दिलं, पैसा नाही लागला. साळ्याले म्हणे तुम्ही तर नो शो, म्हणजे विमानाले आलेच नाही. अरे तुमच्याच विमानानं आलाय, तुमच्याच विमानाले उशीर झाला! पण दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे सौदे, पहिल्यामुळे दुसरं चुकलं तर त्यांचा संबंध नाही. नवीन तिकीट साडेनऊ हजाराचं. अकराशे वाचवले होते ना.

हॉटेल मागितलं तर नाही म्हणे. नियमात २४ तासाच्या वर उशीर, नाहीतर रात्री ८ ते पहाटे ३ मधलं विमान ६ तासाच्या वर लेट असलं तरच हॉटेल. आमचं दुपारचं, बसत नाही. मायले एक ब्लँकेट मिळालं, बाकी आम्ही खुर्चीवर.

रोख भरपाईचं बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. नुसत्या उशिराचे पैसे मिळत नाहीत. एकाच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं तर एक तर तुम्हाला पटेल असं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण रिफंड अन वर भरपाई. ५, ७.५ किंवा १० हजारापर्यंत, किती तासाचा प्रवास त्यावर, मूळ भाडं अन इंधनाचा चार्ज मिळून त्याहून कमी असलं तर तेवढंच. आम्ही दुसरं विमान घेतलं म्हणून रोख नाही. हवामान, एटीसी (विमानांची वाहतूक सांभाळणारे) वगैरे कारण असलं तर तेही नाही, म्हणून कारण लेखी मागा. आम्हाला तोंडी "टेक्निकल" सांगितलं, लेखी द्यायले कोणी तयार नाही.

एअरसेवावर, म्हणजे विमान तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, मग कंपनीचा मेल आला, १,५०० चं व्हाउचर, सहा महिन्यांत वापरा. आम्ही काय दर पोळ्याले विमानात बसतो का? साळा आता वर्ध्याच्या ग्राहक आयोगात जायचं म्हणतो, ५ लाखापर्यंतच्या खरेदीले तिथं फी नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रेल्वेला भरपाई द्यायला लावली होतीच, गाडी चार तास लेट अन प्रवाशांचं श्रीनगरचं विमान चुकलं म्हणून. साळ्याची फाइल तयार आहे, बोर्डिंग पास जपून ठेवलाय, फक्त एजंटकडून तो मेसेज पाहिजे.

काल एजंटकडे गेलो होतो. म्हणे, "भाऊ, पुढच्या टाइमले एकाच पीएनआरवर काढून देतो, पण अकराशे जास्त लागन."