खांडसहून भीमाशंकर: गणेश घाट, शिडी घाट आणि गुप्त भीमाशंकरचा धबधबा

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत, गणेश घाट आणि शिडी घाट. आधी निवाडा सांगून टाकतो: पावसात किंवा पाऊस ओसरल्यावर लगेच जायचं असेल तर डोळे झाकून गणेश घाट धरावा. आणि वर पोचल्यावर पाय कितीही बोलत असले तरी गुप्त भीमाशंकरचा, म्हणजे जंगलात पिंडीवर पडणाऱ्या धबधब्याकडे जाणारा, फाटा सोडू नये. बरेच जण दर्शन घेऊन थेट एसटी पकडतात आणि या वाटेवरची सगळ्यात सुंदर जागा न बघताच परततात.

कर्जत स्टेशनहून कशेळेमार्गे खांडस साधारण 30 किलोमीटरवर आहे. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असल्यामुळे बहुतेक जण टमटम ठरवतात. सकाळी सातच्या आत गाव सोडायला हवं. उशीर झाला की पहिल्या उघड्या टप्प्यावर ऊन गाठतं आणि वरच्या जंगलात संध्याकाळ होते. गावापुढे रस्त्यावर एक पूल लागतो. तिथे डावीकडची वाट शिडी घाटाला जाते, उजवीकडची गणेश घाटाला. शनिवार-रविवारी पुढच्या घोळक्यामागे चालत सुटलेले लोक नेमके इथेच चुकतात आणि शिडीखाली पोचल्यावर त्यांच्या ते लक्षात येतं. गावातच विचारून घ्यावं.

गणेश घाटाची वाट लांब पण सोशिक आहे. वाट मळलेली, रुंद, चढ अंगावर न येणारा. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं आणि पदरगडाचा सुळका बराच वेळ सोबत करतो. पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, पोचायला अडीच ते तीन तास धरावेत. चालायची सवय असलेल्या साठीच्या माणसालाही ही वाट जमते. दोष एकच: सावली कमी. ऑक्टोबरच्या उन्हात हाच टप्पा सगळ्यात जास्त दमवतो.

शिडी घाट तासाभराने लवकर पोचवतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. कातळात तीन लोखंडी शिड्या आणि त्यांच्यामध्ये आडवे कातळटप्पे आहेत, एका बाजूला दरी. पावसाळ्यात याच घळीतून पाणी उतरतं. ओल्या पायरीवर चिखलाचा बूट पडला की तो घसरणारच, म्हणून शिडीवर पाय ठेवण्याआधी तळवे दगडावर घासून घ्यावेत. एका वेळी एकच माणूस शिडीवर असावा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवावा. प्रत्येक पायरी आधी हाताने हलवून बघावी, मगच भार द्यावा. पाठपिशवीच्या बाहेर चटई, बाटली, छत्री असं काही लटकवू नये. ते शिडीत अडकतं आणि तोल जातो. या वाटेने उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे, कारण पाय ठेवायची जागा दिसत नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांनी इथून उतरायचा विचारही करू नये. कोरड्या दिवसांत, सवयीच्या गड्यांसाठी मात्र हा घाट उत्तम आहे.

दोन्ही वाटा पदरावर एकत्र येतात. इथे विहीर आहे, पण पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावं. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घेतलं तर विहिरीवर भिस्त ठेवावी लागत नाही. पदराच्या सपाटीवर ढोरवाटा फार फुटतात, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. शंका आली तर पुढे रेटू नये. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यावं. गावातला वाटाड्या घेतला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि पावसाळ्यात तो घ्यावाच.

पदरानंतरचा चढ छातीवरचा आहे. दीड ते दोन तास दाट झाडीतून, मुळांवरून आणि सुट्या दगडांवरून चढायचं. वारा लागत नाही, अंगातून घामाच्या धारा लागतात, आणि नुसतं पाणी पीत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ-साखरेचं पाणी इथे कामी येतं. हा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. आवाज कमी ठेवला तर शेकरू दिसण्याची चांगली शक्यता असते. आधी उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचं गोल घरटं शोधावं. वाट हनुमान तळ्याजवळ वर निघते.

देवळात श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांग कित्येक तासांची असते. चालत यायचं तर हे दिवस टाळावेत. देवळासमोरची मोठी घंटा मात्र थांबून बघावी. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या लुटीतली ती पोर्तुगीज घंटा आहे.

आता गुप्त भीमाशंकर. देवळापासून अंतर साधारण दोन किलोमीटर, जायला पाऊण तास पुरतो. भीमेच्या ओढ्याच्या सोबतीने, साक्षी विनायकाच्या देवळावरून वाट जंगलात उतरते. चढ नावालाच आहे, पण झाडांनी आभाळ झाकलेलं असल्यामुळे दगड दिवसभर ओले राहतात. शेवटी ओढा एका छोट्या धबधब्याने खाली पडतो आणि पाण्याची धार थेट पिंडीवर येते. भीमा उगमापाशी लुप्त होऊन इथे पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. उंच धबधब्याची अपेक्षा ठेवून आलेले हिरमुसतात. देवावर अखंड अभिषेक चाललेला बघायला आलेला माणूस मात्र तिथून लवकर हलत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे.

धोका इथे शेवाळाचा आणि वरच्या पावसाचा. हिरवट-काळा, चकाकणारा दगड टाळून खरबरीत राखाडी दगडावर पाय ठेवावा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झाला की ओढा फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला की क्षणभरही न थांबता बाहेर पडावं. खाण्याच्या पिशव्या हातात ठेवू नयेत, माकडं हिसकावतात. दुपारी चारनंतर या फाट्यावर जाऊ नये. जंगल बिबट्याचं आहे आणि अंधार लवकर पडतो.

सगळ्यात योग्य काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. धबधब्याला पाणी असतं आणि वाटेवरचा चिखल आटत आलेला असतो. डिसेंबरपासून धार बारीक होत जाते, उन्हाळ्यात तेवढ्यासाठी जाण्यात अर्थ नाही. भर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि घाटवाटांवर प्रशासनाची बंदी लागू असू शकते, म्हणून निघण्याआधी ती चौकशी करावी. देऊळ दर्शनाला उघडं आहे ना, हेही तेव्हाच विचारावं.

परतीला त्याच दिवशी खांडसला उतरायचं असेल तर दुपारी एकच्या आत वरून निघायला हवं, आणि मग गुप्त भीमाशंकर धावतपळतच होतं. त्यापेक्षा वरून घोडेगाव-मंचरकडे जाणारी एसटी धरून पुण्याच्या बाजूने परतावं. शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर दर्शनाआधीच विचारून ठेवावी.