टीव्हीचाच मॉनिटर केला, त्याला आता आठ महिने झाले

४३ इंची फोर-के टीव्ही टेबलावर ठेवून रोज सात-आठ तास त्यावर काम करतोय. आज मी खूश आहे. पहिले दोन आठवडे मात्र टीव्ही परत करायच्याच बेतात होतो.

पहिल्याच दिवशी टास्कबार अर्धा गायब आणि चारही कडा कापलेल्या. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढ-घाल करण्यात आणि रिझोल्यूशन वर-खाली करण्यात घालवल्या. कॉम्प्युटर बिचारा निर्दोष होता. टीव्ही आलेलं चित्र थोडं फुगवून कडा छाटत होता, म्हणजे ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या काळात कडेचं वेडंवाकडं चित्र झाकायला केलेली ही सोय. ट्यूब गेली, खोड राहिली. पिक्चर साइझच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा अशाच काहीशा नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की संपलं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये चित्र आक्रसूनही कडा दिसतात, पण मग अक्षरं मऊ पडतात. त्या वाटेला जाऊ नका.

मग माऊस. चिखलातून ओढल्यासारखा चालायचा. रिझोल्यूशन ३८४० × २१६० बरोबर दिसत होतं, पण शेजारी ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला फक्त ३० चित्रं! टीव्ही ज्या एचडीएमआय केबलने जोडतो, त्या जोडणीच्या १.४ आवृत्तीवर फोर-के तेवढंच मिळतं. ६० साठी २.० लागतं. माझ्या टीव्हीत आणि लॅपटॉपमध्ये दोन्हीकडे २.० होतं, तरी ६० चा पर्यायच येईना. टीव्ही जोडताक्षणी आपल्याला काय काय झेपतं याची यादी कॉम्प्युटरला देतो, आणि कंपनीने ती यादी मुद्दाम जुन्या बेताची ठेवली होती. त्या पोर्टसाठी 'एन्हान्स्ड' सिग्नल टीव्हीतूनच चालू करावा लागला. प्रत्येक पोर्टला वेगळा! माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही, याचा राग अजून आहे. ६० हर्ट्झ सुरू झाल्यावर जुनी केबल मात्र उघडी पडली, मधूनच पडदा काळा व्हायचा. केबल बदलल्यावर ते थांबलं.

एवढं करूनही लाल अक्षरांना काळ्या पार्श्वभूमीवर घाणेरडी किनार दिसायची. टीव्ही रंगांचा तपशील कमी करून दाखवत होता. सिनेमात ते कळत नाही, अक्षरांत लगेच कळतं. उपाय इतका साधा की हसू आलं: इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं. काही टीव्हींत हे नाव म्हणजे नुसतं लेबल नसतं, त्याने आतली प्रक्रियाच बदलते. शार्पनेसही जवळजवळ शून्यावर आणला. काळा रंग राखाडी दिसत असेल तर दोन्हीकडची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) जुळते का तेवढं पाहा.

स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं किती मोठी करून दाखवायची ते, मी १०० टक्के ठेवलंय. या आकारात इंचाला साधारण १०२ पिक्सेल पडतात, २४ इंची फुल एचडी मॉनिटरला ९२, त्यामुळे अक्षरांचा आकार ओळखीचाच वाटतो. १३६६ × ७६८ पॅनेलचा जुना टीव्ही यासाठी वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. तो १९२० × १०८० चा सिग्नल घेतो खरा, पण आत आकसून दाखवतो, आणि त्यावर दिवसभर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

एक दुखणं अजून शिल्लक आहे. लॅपटॉप झोपेतून आधी उठला आणि टीव्ही मागून चालू झाला, तर रिझोल्यूशन कधीकधी १०२४ × ७६८ वर येतं आणि सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा होतात. आधी टीव्ही, मग लॅपटॉप असा क्रम पाळला की होत नाही. सकाळी घाईत मी तो हमखास विसरतो, मग केबल काढून पुन्हा लावतो.