व्हेंटॉय: काही महिने रोज वापरल्यावरचा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या दिवाळीपासून माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या मशीनची तऱ्हाच बदलली. इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांच्या गाळ्यांत, सीएंच्या ऑफिसात, शाळांच्या लॅबमध्ये इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर अजून बिनतक्रार चालतात. पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आठव्या पिढीच्या खालचं जवळजवळ काहीच नाही. मग कुणी म्हणतं, कसंही करून अकराच मारून द्या. कुणाला दहाच हवं असतं, पण नव्या एसएसडीवर. कुणाला ब्राउझर आणि टायपिंगपलीकडे काही लागत नाही, त्यांना लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून दिली तरी चालते. दर मशीनला वेगळी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची अख्खी डिस्क एका फाइलीत.

त्याआधी मी रुफस या बूट पेनड्राइव्ह बनवणाऱ्या टूलने दर आयएसओचा एकेक पेनड्राइव्ह बनवायचो. ड्रॉवरमध्ये पाच-सहा पेनड्राइव्ह, त्यांना चिकटवलेल्या पट्ट्या, आणि पट्टीवर एक तर आत भलतंच. याला कंटाळून व्हेंटॉय घेतलं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हेंटॉय फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०२० पासून आहे. पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचं. बसवताना पेनड्राइव्ह पुसला जातो, पुढे व्हर्जन अपडेट करताना मात्र आतल्या फाइली शाबूत राहतात. त्याचे दोन भाग पडतात. मोठा भाग एक्सफॅट या फाइल सिस्टीमचा, त्यावर आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. शेवटी ३२ एमबीचा चिमुकला भाग, त्यात बूट करणारा सगळा संसार. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं की आयएसओंची यादी येते, बाणाने निवडायचं, एंटर. आयएसओ उलगडायची नाही, प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट मारायचा नाही.

त्या चिमुकल्या भागामागे कारण आहे. यूईएफआय फर्मवेअरला, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरला, फॅट फाइल सिस्टीम नक्की वाचता येते, बाकीच्यांची खात्री नाही. आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. विंडोजच्या आयएसओतली मुख्य डब्ल्यूआयएम फाइल हल्ली सहज ही मर्यादा ओलांडते, म्हणून हाताने फॅट३२ पेनड्राइव्ह करून त्यावर फाइली कॉपी करणारे नेमके तिथेच अडतात. व्हेंटॉयमध्ये बूट फॅटवरून होतं आणि आयएसओ अखंड एक्सफॅटवर पडून राहते, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

हे सगळं खरं, पण फॉरमॅटचा वेळ वाचतो म्हणून मी व्हेंटॉयचं कौतुक करणार नाही. तो वेळ चहा प्यायला बरा पडायचा. माझ्यासाठी याची खरी किंमत वेगळी आहे. इन्स्टॉल अडकलं की दोष कुणाचा, आयएसओचा, पेनड्राइव्हचा की मशीनचा, हे जागेवर समजतं. एकाच काडीवर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असल्या की अदलाबदल करून बघता येते.

एक उदाहरण सांगतो. एका हिशेबनिसाचा डेस्कटॉप आला. विंडोज मारताना निम्म्यात थांबायचं आणि ८००७०५७० ने संपणारा कोड दाखवायचं. या कोडचा अर्थ फाइल खराब आहे, वाचता येत नाही. याआधी कुणी तरी त्यांना नवीन हार्ड डिस्क घ्यायला लावली होती, तरी तोच एरर. मी आधी व्हेंटॉयच्या यादीत विंडोजच्या ओळीवर थांबून एम दाबलं. तिथल्या तिथे एसएचए २५६ चेकसम, म्हणजे फाइलीचा ठसा म्हणावा असा आकडा, निघतो. तो वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळला, म्हणजे आयएसओ आणि पेनड्राइव्ह दोन्ही सुटले. मग त्याच यादीतून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस चालवलं. काही मिनिटांत स्क्रीन लाल ओळींनी भरली. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, परत टेस्ट लावली, स्वच्छ. इन्स्टॉल एका दमात झालं. गृहस्थ विचारत होते, "अहो, मग ती नवी हार्ड डिस्क?" ती बॅकअपला लावून दिली.

चेकसमची ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. एक्सफॅटला जर्नलिंग, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंदवही, नाही; कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राइव्ह उपसला तर आयएसओ अर्धवट राहते आणि आकार बरोबर दिसूनही आतून फाटकी असू शकते. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी भरल्यासारखी दिसते आणि मागे डेटा अजून उतरत असतो. इजेक्ट करूनच काढा.

दुसरं दुखणं इतकं सर्रास आहे की त्यावर जरा रेंगाळतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे लॅपटॉप. विंडोजचा सेटअप सुरळीत सुरू होतो, डिस्क निवडायच्या पानावर येतो आणि यादी कोरी. ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर लोड करा, असा निरोप. लोक घाबरतात, एसएसडी गेली म्हणतात. एसएसडी ठणठणीत असते. बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, व्हीएमडी नावाचा एसएसडी सांभाळणारा कंट्रोलर चालू असतो, एसएसडी त्याच्या आड बसलेली असते, आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. उपाय दोन. बायोसमधून व्हीएमडी बंद करायचं, किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर द्यायचा.

पहिला उपाय झटपट, पण मशीनवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ते व्हीएमडी चालू असताना बसलेलं असतं, बंद केलं की निळ्या स्क्रीनवर येऊन पडतं. दुसऱ्या उपायात लोक आरएसटीची डाउनलोड केलेली एक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात आणि सेटअपला ती दिसत नाही म्हणून वैतागतात. सेटअपला आयएनएफ फाइल हवी असते. एक्सई आधी दुसऱ्या मशीनवर उलगडून घ्यावी लागते, आणि मग तो फोल्डर पेनड्राइव्हवर. व्हेंटॉयचा मोठा भाग साधा एक्सफॅट असल्याने मी "ड्रायव्हर" नावाचा फोल्डर आयएसओंच्या शेजारीच ठेवलाय. लोड ड्रायव्हर, ब्राउझ, तो फोल्डर, ओके, आणि एसएसडी यादीत हजर. दुसरा पेनड्राइव्ह शोधत बसावं लागत नाही.

जुन्या मशीनवर नेमकी उलटी गंमत. कुणाकडे जुनं डीटीपी सॉफ्टवेअर असतं, ते विंडोज ७ वरच चालतं, आणि नेटशिवाय चालवायचं असतं म्हणून हट्टही रास्त. सातच्या मूळ आयएसओत यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट होतं, सेटअपचं पहिलं पान येतं, आणि तिथे माउस आणि कीबोर्ड दोन्ही मेलेले. काळ्या यूएसबी २ पोर्टात लावून बघा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो इंटेलच्या १०० सिरीज चिपसेटच्या आधीच्या बोर्डांना लागू पडतो. त्या सिरीजपासून जुना यूएसबी २ कंट्रोलरच काढून टाकला, तिथे पोर्ट बदलून काही होत नाही. मागे पीएस/२ चं गोल पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड चालतो, पण सेटअपला पेनड्राइव्हच दिसत नाही, म्हणून यूएसबी ३ चे ड्रायव्हर आयएसओत घालून घ्यावे लागतात. व्हेंटॉय इथे आपणहून काहीच मदत करत नाही.

आता सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी फर्मवेअरची सोय. व्हेंटॉय बसवताना त्याच्या सपोर्टचा पर्याय चालू ठेवला असेल तर नव्या मशीनवर पहिल्यांदा निळा चौकोन येतो: व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन. हे बिघाडाचं लक्षण नाही. ओके करून पुढच्या पडद्यावर कुठलंही बटण दाबायचं, "एन्रोल की फ्रॉम डिस्क" निवडायचं, व्हीटॉयईएफआय नावाच्या भागात जाऊन तिथली किल्लीची फाइल निवडायची, कंटिन्यू, येस, रीबूट. त्या मशीनवर परत विचारत नाही. सोय चांगली आहे, पण मला ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर वापरायला आवडत नाही. ती किल्ली त्याच्या फर्मवेअरमध्ये कायमची बसते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर किल्ली आहे. लोकांच्या मशीनवर मी कामापुरतं सिक्युअर बूट बंद करतो आणि जाताना चालू करून देतो.

बंद करण्याआधी मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का बघा. बघाच. हल्लीच्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला कल्पना नसते. तुम्ही बायोसमध्ये हात घातला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. बहुतेक वेळा ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, पण ते अकाउंट मुलाने कॉलेजच्या काळात उघडलेलं आणि मुलगा आता पुण्यात, असं प्रकरण निघालं की अर्धा दिवस फोनाफोनीत जातो. मी आधी विंडोजमध्ये जाऊन की कागदावर उतरवून घेतो, संरक्षण तात्पुरतं थांबवतो, आणि मगच बायोस उघडतो.

जीपीटी आणि एमबीआर या डिस्कच्या विभागणीच्या दोन पद्धतींचा घोळ तर रोजचाच. बूट मेनूमध्ये तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकापुढे यूईएफआय असतं. त्याच ओळीवरून आत जा. नाही गेलात तर सेटअप सांगतो की ही डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज बसणार नाही, आणि लोक डिस्कच पुसायला निघतात. शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्टमध्ये क्लीन मारण्याचा सल्ला देणारे हे सांगायला विसरतात की त्याने सगळं जातं, फोटोंसकट. आधी नुसतं बाहेर येऊन योग्य ओळीवरून परत बूट करा. बूट मेनूच्या कळा बहुतेकांना पाठ आहेत: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. कळ लागतच नसेल तर विंडोजमधून शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि "यूज अ डिव्हाइस" निवडा. फास्ट स्टार्टअपमुळे नुसतं शटडाउन केलेलं मशीन खऱ्या अर्थाने बंद झालेलं नसतं, त्यामुळे रीस्टार्टच करायचं.

व्हेंटॉय कुठे हात टेकतं? काही मशीनवर विंडोजची आयएसओ नॉर्मल मोडमध्ये काळ्या पडद्यावर अडकते. मग तिथल्याच मेनूतून विमबूट मोड निवडला की बहुधा पुढे जाते. लिनक्सच्या एखाद्या आयएसओला ग्रब२ मोड लागतो. आणि काही हट्टी मशीन अशी असतात की काहीही निवडा, चालत नाही. अशा वेळी अर्धा तास भांडण्यापेक्षा मी रुफसने बनवलेला एक साधा पेनड्राइव्ह काढतो. तो मी अजून ठेवलाय, आणि तुम्हीही ठेवा. व्हेंटॉयवर अडलं आणि रुफसवर चाललं, तर मशीन निर्दोष आहे एवढं तरी कळतं. दोन्हीकडे एकाच जागी अडलं, तर मशीनकडे वळा. विंडोज ११ साठी टीपीएम या सुरक्षा चिपची आणि रॅमची अट वगळायची, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती काढायची, हेही रुफस पेनड्राइव्ह बनवतानाच विचारतं. व्हेंटॉयच्या प्लगइनमध्येही अटी वगळायची सोय आहे, पण रुफसचे चौकोन टिक करणं सोपं. एक लक्षात असू द्या: अटी वगळल्या तरी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला पॉपसीएनटी नावाची सूचना समजणारा प्रोसेसर लागतोच. कोअर २ ड्युओच्या डब्यावर ते कुठल्याही पेनड्राइव्हने चालणार नाही, तिथे मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका.

व्हेंटॉयबद्दल एक आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. सोर्स कोड खुला आहे, पण त्यात आधीच तयार करून ठेवलेल्या काही बायनरी फाइलीही असतात, आणि त्या नेमक्या कशातून बनल्या हे पडताळणं सोपं नाही. घरचे, दुकानाचे पीसी यांच्यासाठी मी बेधडक वापरतो. पतसंस्थेचं मशीन आलं की अधिकृत टूलने बनवलेला वेगळा पेनड्राइव्ह. डाउनलोडही मूळ साइटवरून किंवा गिटहबवरूनच करा, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्याच पानांवरून नको.

शेवटचं पेनड्राइव्हबद्दल. सगळा डोलारा त्याच्यावर उभा, आणि लोक तिथेच काटकसर करतात. बाजारात खोटी क्षमता छापलेले पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. मूळ चिप लहान, पण विंडोजला मोठा आकडा दिसतो. पहिली आयएसओ चालते, तिसरी-चौथी टाकली की फाइली सडायला लागतात. नवीन घेतलेला पेनड्राइव्ह मी आधी एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासतो, लिनक्सवर एफ३ हेच काम करतं. वेळ लागतो, रात्री लावून ठेवायचं. सध्या मात्र मी पेनड्राइव्ह जवळजवळ सोडलाच आहे. एका जुन्या लॅपटॉपमधून निघालेली १२८ जीबीची साटा एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि त्यावर व्हेंटॉय बसवलं. विंडोज १० आणि ११, मिंट, मेमटेस्ट, डिस्कची नक्कल करणारं क्लोनझिला, डिस्कचे भाग पाडणारं जीपार्टेड, शिवाय तो ड्रायव्हरचा फोल्डर, एवढं मावून जागा उरते. फक्त समोरच्या पॅनेलच्या ढिल्या पोर्टात लावू नका, मागच्या पोर्टात लावा. केसिंगला पेनड्राइव्हपेक्षा करंट जास्त लागतो आणि इन्स्टॉल मध्येच तुटतं.