२ टीबीची डबी

आमच्याकडचा पीएस ४ हा गेम कन्सोल जुना. आत मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, हळू चालणारी हार्ड डिस्क. गेम सुरू व्हायची वाट बघत मुलगा ताटं-वाट्या मांडून परत यायचा. या कन्सोलला २०१७ च्या अपडेटपासून बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह जोडून त्यावर गेम ठेवता येतात, आणि तो एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेला वेगवान ड्राइव्ह, असला की लोडिंगचा वेळ चांगलाच कमी होतो. म्हणून मुलाने दिवाळीला मिळालेले पैसे राखून ठेवले होते.

ऑनलाइन २ टीबीची पोर्टेबल एसएसडी १,८९९ रुपयांना दिसली. अस्सल वस्तू तेव्हा याच्या पाच-सहापट किमतीला होती. तरी हो मीच म्हटलं.

लॅपटॉपला लावली तर २ टीबी नीट दिसली. पीएस ४ ने मात्र यूएसबी ३.० ही वेगवान जोडणी नाही म्हणून नाकारली. वायरचं टोक तर यूएसबी ३.० सारखं आतून निळं होतं! विक्रेता म्हणाला, "सर, आधी काही दिवस लॅपटॉपवर वापरा, मग फॉरमॅट करा, सेट होईल." प्रत्येक उत्तराला दोन दिवस. तेवढ्यात परतीचे सात दिवस संपले. तो वेळकाढूपणा मला तेव्हा कळायला हवा होता.

पडून राहू नये म्हणून मी तिच्यावर घरचे फोटो-व्हिडिओ टाकले, शंभरेक जीबी. रात्रभर कॉपी चालली. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रीकरण त्यातच होतं; फोनमधून ते पुसून टाकलं. महिन्याने पाहिलं तर फाइलींची नावं, आकार सगळं जागेवर, पण बहुतेक उघडतच नाहीत.

सुरीने डबी उघडली. आत पातळशी हिरवी पट्टी, तिला गरम गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणि वजन वाटावं म्हणून लोखंडाचा तुकडा. कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, बदललेलं असतं, त्यामुळे ते खोटी जागा सांगतं. खरी जागा भरली की पुढचा डेटा आधीच्यावरच लिहिला जातो किंवा कुठेच जात नाही. कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. त्यात यूएसबी २.०, म्हणजे कागदावरही सेकंदाला ६० एमबीच. अस्सल एसएसडी ४०० च्या पुढे जाते.

नवा ड्राइव्ह आला की परतीची मुदत असतानाच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवा, लिनक्सवर एफ३. हा प्रोग्राम ड्राइव्ह पूर्ण भरतो आणि परत वाचून ताळा करतो. तासांऐवजी दिवस लागणार असं दिसलं, तर तिथेच थांबून परत पाठवा. डबीचे फोटो, चॅट, बिल जपून ठेवा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं लागतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माझे पैसे तक्रारीनंतर परत आले. व्हिडिओंपैकी एकच सापडला, मावसभावाच्या व्हॉट्सअॅपवर. चाळीस सेकंदांचा. त्यात सुना आईला ओवाळताहेत आणि ती पदर सावरत कोणाला तरी पुढे बोलावतेय.