पोस्टग्रेस: काही महिने रोज वापरल्यानंतर

टेबलांमधली नाती सांभाळायला पोस्टग्रेसइतका कडक डेटाबेस फुकटात दुसरा मिळणं कठीण आहे. वेग मात्र त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो, आणि कसा मागायचा ते आधी शिकावं लागतं.

माझं काम साधं आहे. ग्राहक, ऑर्डर, उत्पादनं, आणि ऑर्डर व उत्पादन यांना जोडणारं मधलं टेबल. या मधल्या टेबलात नग आहेत आणि विकतानाचा भावही आहे. भाव उत्पादनाच्या टेबलात असताना इथे पुन्हा कशाला, असं विचारणारे भेटतातच. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवायचा नियम, अर्धवट शिकलं की हा प्रश्न पडतो. आजचा भाव आणि त्या दिवशी लावलेला भाव ही दोन वेगळी माहिती आहे. एकच ठेवली तर भाव बदलताच जुनी बिलंही बदलतील.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम), युनिक (तेच मूल्य पुन्हा येऊ न देणारं), चेक (अट तपासणारं) ही सगळी बंधनं पहिल्यापासून लावली होती, आणि त्यांचा उपयोग रोज दिसतो. नसलेल्या ग्राहकाच्या नावावर ऑर्डर पडत नाही, नग उणे होत नाहीत. ॲप्लिकेशनचा कोड कितीही बदलला तरी डेटा सरळ राहतो. इथे पैकीच्या पैकी गुण.

आता खटकलेली गोष्ट. प्रायमरी कीवर, म्हणजे ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमवर, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आपोआप बनतो, पण फॉरेन कीच्या कॉलमवर पोस्टग्रेस इंडेक्स बनवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण इंजिनमध्ये तो बनतो, त्यामुळे तिकडून येणारे इथे हमखास गाफील राहतात. परिणाम दोन ठिकाणी जाणवतो. एका ग्राहकाच्या ऑर्डरी शोधताना अख्खं टेबल चाळलं जातं, हे निदान लगेच लक्षात येतं. दुसरा प्रकार छुपा आहे: ग्राहक डिलीट करताना त्याच्या ऑर्डरी शिल्लक आहेत का, हे डेटाबेस तपासतो, आणि इंडेक्स नसेल तर दर ग्राहकामागे ऑर्डरचं पूर्ण टेबल वाचतो. डिलीट हळू चालतंय म्हणून लोक सर्व्हर वाढवतात. बंधनामुळे डेटा बरोबर राहतो, क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) जलद होत नाही. या दोन्हींची जबाबदारी वेगवेगळी घ्यायची.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं हत्यार म्हणजे एक्सप्लेन ॲनालाइझ: क्वेरी कशी चालली आणि किती वेळ लागला ते दाखवणारी आज्ञा. लोक त्यात फक्त एकूण वेळ बघतात. मी आधी अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतली तफावत बघतो. प्लॅनरने, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने, दहा ओळी धरल्या आणि निघाल्या लाखभर, तर त्याने निवडलेला नेस्टेड लूप (एका टेबलाच्या दर ओळीमागे दुसऱ्यात शोधणं) आपल्याला बुडवणारच. एकगठ्ठा डेटा भरल्यावर हे बऱ्याचदा होतं, कारण प्लॅनर ज्यावरून अंदाज बांधतो ती टेबलाची आकडेवारी जुनी असते. पडद्यामागे देखभाल करणारा ऑटोव्हॅक्यूम ती यथावकाश ताजी करतो, पण तेवढं थांबायचं नसेल तर आकडेवारी गोळा करणारी ॲनालाइझ ही वेगळी आज्ञा स्वतः चालवावी. एक जपायचं: एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं. डिलीट तपासायचं असेल तर ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडून, शेवटी रोलबॅक, म्हणजे सगळं रद्द.

एकापेक्षा जास्त कॉलमच्या इंडेक्समध्ये क्रम महत्त्वाचा. आमची रोजची क्वेरी 'या ग्राहकाच्या अलीकडच्या ऑर्डरी' अशी, म्हणून आधी ग्राहक आणि मग तारीख. ग्राहक नेमका ठरला की तारखा क्रमाने मिळतात, वेगळं सॉर्टिंग लागत नाही. उलट क्रमाचा इंडेक्स या क्वेरीला फारसा उपयोगी नाही.

ऑफसेट (सुरुवातीच्या इतक्या ओळी सोड) लावून यादीची पानं करणं सोडून दिलं. ऑफसेट एक लाख म्हणजे तितक्या ओळी वाचून टाकून द्यायच्या. शेवटच्या ओळीची तारीख आणि आयडी धरून पुढच्या ओळी मागितल्या की हजारावं पानही पहिल्यासारखंच येतं. थेट अमुक पानावर उडी मारता येत नाही, पण ती उडी कोण मारतं?

ओआरएमबद्दल, म्हणजे ॲप्लिकेशनच्या कोडमधून क्वेऱ्या आपोआप बनवणाऱ्या थराबद्दल, बोलावं तेवढं थोडं. पन्नास ऑर्डरींची यादी दाखवायला तो यादीची एक आणि दर ऑर्डरीमागे एक अशा एकावन्न क्वेऱ्या पाठवतो आणि आपण इंडेक्सवर संशय घेत बसतो. कुठली क्वेरी किती वेळा धावली ते नोंदवणारं पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन (जोडभाग) चालू केलं की चोर सापडतो: एकेकटी क्षुल्लक, पण दिवसभर हजारो वेळा धावणारी क्वेरी यादीत वर येते.

तक्रार एक उरतेच. मोठ्या टेबलातल्या एकूण ओळींची मोजणी हळू आहे. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला कुठल्या ओळी दिसतात हे वेगळं ठरत असल्यामुळे तयार आकडा कुठेच नसतो. कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींत, अंदाजे संख्या मिळते, आणि डॅशबोर्डवर मी आता तीच 'सुमारे' लावून दाखवतो. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.